तड्यातले धागे

लेकीने आईला पहिल्यांदाच आपल्या प्रयोगशाळेत आणलं होतं. थोरला भाऊ स्लॅबखाली सापडून गेला, तेव्हापासून तिने काँक्रीटचाच ध्यास घेतला होता. तिने साध्या काँक्रीटची तुळई यंत्राखाली ठेवली. दाब वाढताच ती खाडकन तुटली आणि आई दचकून उभीच राहिली. दुसऱ्या तुळईत मासेमारीच्या टाकाऊ जाळ्यांचे बारीक कातरलेले धागे कालवलेले होते. तिलाही तडा गेला, रुंदावत गेला, पण धाग्यांनी दोन्ही तुकडे धरून ठेवले. "बघ आई, असं छत एकदम कोसळत नाही. माणसाला पळायला वेळ मिळतो." आई तड्यातले धागे बोटाने चाचपत राहिली. "म्हणजे माझा पोरगा वाचला असता?" "वाचला असता गं." "मग एवढा उशीर का केलास?" तेव्हा आपण चौथीत होतो, हे लेकीच्या ओठांवर आलं, पण "चुकलं गं माझं," एवढंच ती म्हणाली.