सात नंबरचा कस्तुर

पाखराच्या पाठीवर काहीच नव्हतं.

स्वरदाने पिसं फुंकून बाजूला केली, बोटाने पाठ चाचपली, पुन्हा फुंकली. निळ्या डोक्याचा कस्तुर तिच्या मुठीतून टुकुटुकु बघत होता. पायातली कडी तीच होती, गेल्या वर्षी तिनेच घातलेली. शेवटचा आकडा सात. यंत्र मात्र गायब.

"पट्टा तुटला असणार," ती म्हणाली. "वाट लागली, काका."

कुंडलिककाका जाळ्याचा बांबू धरून उभे होते. बोरिवलीच्या या जंगलात पहारा करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यातले शेवटचे तीन हिवाळे या पोरीबरोबर, तिच्या पाखरांच्या अभ्यासासाठी जाळी लावण्यात. अंधेरीहून ती उपाशीपोटी निघते, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तेव्हापासून त्यांच्या डब्यात दोन घावनं जास्त असत. "बायको मोजायला चुकते," असं ते सांगत. स्वरदा मुकाट्याने खात असे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिने बारा कस्तुरांच्या पाठीवर यंत्रं चढवली होती. शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढी, मांड्यांभोवती दोऱ्यासारखे पट्टे. कस्तुर उन्हाळ्यात हिमालयात जातो आणि थंडीत इथे परततो. एवढंसं पाखरू कुठून कसं जातं, ते यंत्र टिपून ठेवतं. पण आपणहून काही कळवत नाही. पाखरू परत यायला हवं, जाळ्यात सापडायला हवं, तेव्हाच त्याच्या पाठीवरची गोष्ट वाचता येते. यंदा नोव्हेंबरपासून दोघं वाट बघत होती. मार्च उजाडला. बारातला हा पहिलाच.

"पट्टा तुटला नाय," काका म्हणाले. "मी कापला."

स्वरदाने मान वर केली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ती तापाने अंथरुणावर पडली होती, तेव्हाची गोष्ट. काका एकटेच फेरी मारत होते. करवंदीच्या झुडपाखाली हा फडफडत होता, उजवा पाय पट्ट्यात अडकून पोटाशी मुडपलेला. काकांनी तिला फोन लावला, लागला नाही. मग खिशातल्या नेलकटरने पट्टा कापला. यंत्र पाचोळ्यात पडलं, ते हुडकूनही मिळालं नाही. त्या यंत्रांच्या परवानगीसाठी पोरीने दोन वर्षं हेलपाटे घातले होते. तिला सांगायला त्यांची जीभ रेटली नाही. एक गेला तर गेला, अकरा आहेत, अशी त्यांनी वर्षभर मनाची समजूत घातली होती.

"तुझ्या अभ्यासाची मी माती केली, बाय. काय बोलायचं ते बोल."

तिने कस्तुर उलटा धरला. उजव्या पायावर जुना व्रण होता, नीट भरलेला. छाती गुबगुबीत. हजारो मैल जाऊन आलेलं पाखरू, अगदी धडधाकट.

चटईवर बारा नवी यंत्रं डबीत तयार होती. आज जाळ्यात येईल त्या पहिल्या कस्तुराला लावायचं, असं ठरलं होतं. तिने डबी उघडली. काकांनी नजर दुसरीकडे वळवली.

यंत्र चढवून झालं असेल म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर ती उघड्या डबीकडे बघत रडत होती.

"अगो, एका यंत्रासाठी एवढं?" काका कावरेबावरे झाले. "येतील ना बाकीचे. अकरा आहेत अजून."

"नाही येणार, काका." स्वरदाने डबी मिटली आणि कस्तुर त्यांच्या ओंजळीत ठेवला. "त्या अकरांचे पट्टे कापायला तुम्ही नव्हतात."