रिकाम्या खुर्च्यांपुढे

“माणसाच्या शब्दावर कधी विसंबू नकोस, उद्धवा,” असं वडील बजावून गेले होते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक उद्धवराव निवृत्तीनंतर गावोगाव व्याख्यानांतून हेच पटवून देत फिरत. आज मानवतला तर बोलावणारे अध्यक्षच फिरकले नाहीत. समोर बसलेल्या फक्त त्यांच्या पत्नी, अंबिकाबाई. सर रिकाम्या खुर्च्यांवर भडकले.

“अहो, तुमचंच खरं ठरलं की! पेढे वाटायचं सोडून चिडायलात कशाला?”

सरांनी टिपणं पिशवीत कोंबली.

“चला आता घरी. संध्याकाळी वालूरच्या व्याख्यानाला तरी कोण येणारंय?”

“कुत्रंसुद्धा येणार नाही. माणूस शब्द पाळतच नाही, अंबिका!” सरांनी घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली आणि निमूटपणे ते वालूरची एसटी गाठायला निघाले. तिथं येतो म्हणून कबूल केलं होतं.