न धुतलेला शर्ट

"...मग तो पोरगा घरी आला, आईनं त्याला गरम भात वाढला आणि तो पार सुधारला," निलमनं एका दमात वाचून टाकलं आणि पुस्तक मिटलं.

हिरी नुकतीच घोलवडच्या वाडीवरून आली होती. चिकूच्या चिकानं काळे पडलेले हात ती ओट्यावर बसून तेलानं चोळत होती. लेकीकडे बघून तिनं मान हलवली.

"झालं? पुडीवाचून अंग मोडून आलं नाही, शिव्या नाहीत, उलट्या नाहीत, एकदम भात? वा गं वा! आईला गंडवतेस?"

पुस्तक निलमनंच कॉलेजातून आणलं होतं. लिहिणारा स्वतःच गर्दच्या पुडीच्या नादी लागून वाया गेलेला. त्यानं काही म्हणता काही लपवलं नव्हतं. लपवत होती ती निलम.

"तुला ऐकवणार नाही, आई."

"ऐकवेल. जीवन घर सोडून गेल्यापासून त्याचं कुणी नावसुद्धा काढत नाही. पाड्यावर नाही, घरात तू नाहीस. ह्या पुस्तकात तरी मला माझा पोरगा भेटतो. खरं काय ते वाच."

निलमनं पान परत काढलं. आवाज बारीक झाला.

'घरातली भांडी मीच विकली होती. तरी एकदा घराकडे गेलो. आई चुलीपाशी दिसली. हाक मारणार, तेवढ्यात अंगणातलं कुत्रं अंगावर आलं. नवीन होतं, मला ओळखत नव्हतं. तसाच माघारी फिरलो. पुन्हा कधी गेलो नाही.'

हिरीचे हात थांबले.

अंगणात खांबाला कुत्री बांधलेली होती. जीवन घरातला तांब्याचा हंडा विकून निघून गेला, तेव्हा हिरीनंच ती झाई गावाहून आणली होती. कशासाठी, ते दोघींनाही ठाऊक होतं. रात्री ती भुंकली की हिरी निवांत कूस बदलायची.

"आई, पुस्तकातलं आहे गं ते. आपला जीवन..."

हिरी ऐकायला थांबलीच नाही. आत जाऊन तिनं पेटीच्या तळाचा जीवनचा शर्ट काढला. तो तिनं कुणाला धुऊ दिला नव्हता. फार आठवण आली की नाकाशी धरायची. आताही धरला, ऊर भरून.

मग अंगणात येऊन तिनं तो कुत्रीपुढे पसरला. कुत्री हुंगायला लागली.

"नीट हुंग गं बाये," तिच्या पाठीवरून हात फिरवत हिरी म्हणाली, "आपलाच आहे तो."