पाण्याची गोळी

किसनराव नदीत उतरले तेव्हा पाणी पोटरीला लागत होतं. गावची बेंबळाच ती, पण आज तिला आवाज नव्हता. धोतर वर खोचून ते मधोमध गेले, वाकले, ओंजळ भरली आणि तोंडाशी नेईस्तोवर ओंजळ कोरडी. पुन्हा वाकले, पुन्हा तेच. राग यावा तर तोही येईना. उलट कापसाच्या ढिगावर निजल्यासारखं मऊ मऊ वाटत होतं.

"आवो," काठावरून वच्छलाबाई म्हणाल्या. "डोळे उघडा जराशे. मॅडम आल्या."

काठ म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यातली लोखंडी खाट. किसनरावांनी डोळे उघडले, मॅडमला बघितलं, ओळखीचं हसले आणि परत नदीत गेले.

डॉक्टर मितालीने सलाईनची चकती पाहिली. थेंब मुद्दामच सावकाश सोडला होता. म्हाताऱ्याचं हृदय आधीच दमलेलं, त्यात धो धो पाणी सोडून कसं चालेल? आणि सोडू नये तर तिकडे किडन्या सुकून बसलेल्या. काल सकाळपासून लघवीचा थेंब नव्हता.

"संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर बरं होईल आजी," ती म्हणाली. "नाही झाली तर यवतमाळला हलवू. किडनीचं काम मशीनवर करावं लागेल."

वच्छलाबाईंनी मान हलवली.

"हृदयाच्या गोळ्या कशा घेत होते?"

"बराबर घेत," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्यात थोडी ऐटही होती. "गोळ्या देनाऱ्या डाक्टरनं सांगतलं, हृदयाले पानी झेपत नाई, पानी बेतानं प्या. तं यायनं गडव्याले हात नाई लावला. एवढ्या उन्हात वावरात धसकटं येचाले जाऊन राह्यले होते, पन तहान लागली का पानी नाई प्याले. पान्याची गोळी घेतली."

मितालीचा हात थांबला. "तहान लागली की गोळी?"

"हाव. पान्याची. मीच तं धोतराच्या सोग्यात बांधून देत होती."

किसनराव सांगितलेलं ऐकणारा माणूस. तीच तर सगळी पंचाईत झाली. दुसरा कोणी असता तर डॉक्टरला चार शिव्या घालून तांब्याभर पाणी प्याला असता आणि आज वावरात असता.

"आजी," मिताली खाली बसली. "ती पाणी देणारी गोळी नाही हो. अंगातलं पाणी काढून टाकणारी आहे. लघवीवाटे काढते, म्हणजे हृदयावरचा भार हलका होतो. म्हणून ती सकाळी एकच घ्यायची असते. उन्हात, तहानेवर, वरून आणखी घेतली की किडनीला पाणीच उरत नाही."



"मंग तिले पान्याची काहून म्हन्ता?"

आज सकाळीसुद्धा बाहेर बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना मितालीने हेच नाव सांगून गोळ्या दिल्या होत्या. "आम्ही सगळे तसंच म्हणतो," ती हळू म्हणाली. "आजपासून मी नाही म्हणणार."

"म्हनजे यायचं पानी मीच काढून घेतलं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि पदराचं टोक उगीच बोटाला गुंडाळत बसल्या. फार भ्याल्या होत्या त्या.

तिकडे नदी पार आटली होती. किसनराव वाळूतून चालत होते, चालत होते, आणि कुठे पोचायचं ते आठवत नव्हतं. मग पायाखालची वाळू ओली लागली. पाणी वर चढायला लागलं, गुडघ्याशी आलं, मांडीशी आलं, ओटीपोटाला टेकलं आणि तिथेच दाबत राहिलं.

"मले जायचं हाय," ते मोठ्याने म्हणाले.

वच्छलाबाई ताडकन उठल्या. खाटेखालचं प्लास्टिकचं भांडं पुढे केलं. किसनरावांनी ते बघितलं, मग समोरच्या खाटेवरच्या बायका बघितल्या.

"निजून कोनाले होते का?"

मितालीने त्यांची नाडी धरून पाहिली. "न्या. पण हात सोडू नका, आणि बाटली उंच धरा."

एका हाताने नवरा, दुसऱ्या हाताने सलाईनची बाटली, अशी ती मिरवणूक मोरीपर्यंत गेली. किसनराव आत शिरले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि दार ओढून घेतलं. फटीतून नळी आत गेलेली, बाहेर वच्छलाबाई बाटली डोक्यावर धरून. अख्खा संसार झाला, नातवंडं कॉलेजात गेली, पण नवऱ्याच्या लघवीसाठी असं कान लावून उभं राहायची वेळ आली नव्हती.

"झाली का?"

"आता तं आलो."

पुन्हा काहीच नाही. व्हरांड्यातला कूलर तेवढा घरघरत होता. वच्छलाबाईंना मशीन दिसायला लागलं, कधी पाहिलं नव्हतं तरी दिसायला लागलं.

"तू जाय तिकडं," आतून आवाज आला. "तू आयकून राह्यली तं येत नाई."

"बाटली माह्या हातात हाय. कुठं जाऊ?"

आत शांत झालं. इतकं शांत, की ते परत झोपले की काय असं वाटून त्यांनी दाराला हात लावला. तेवढ्यात फरशीवर एक थेंब वाजला. मग काही नाही. मग आणखी एक, आणि मग बारीकशी, तुटक, पण धार.

"आयकू नको म्हनलं ना," किसनराव म्हणाले.

"आयकून राह्यली मी. येऊ द्या."

बाटली धरून धरून हात भरून आला होता. वच्छलाबाईंनी बाटली आणखी वर धरली.