पापनाशमच्या वाटेवरची टकटक

टक्.

"मामंजी, आवाज आला बघा! ऐकलंत?" हरिप्रिया ओरडली. समोरून आलेली कुंभकोणमची बस गाडीला हिसका देऊन निघून गेली होती.

शेजारी बसलेले तिचे सासरे, श्रीनिवासराव, हलले नाहीत. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना काळा चष्मा होता. गाडीत बसलं की ते कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिशात ठेवत आणि हात अंगवस्त्राखाली घेत. तिने त्यांचा गुडघा हलवला. "डॅशबोर्डच्या मागं टक् झालं ना?"

"मला तर काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

घरी ही साक्ष ग्राह्य धरण्यात आली.

हरिप्रिया पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायची. बस बदलत शाळेची घंटा गाठणं जमेना, तेव्हा चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली. बाईमाणूस एकटं कसं जाणार, म्हणून तिच्या नवऱ्याने, वेंकटेशने, आपल्या वडिलांना राखणीला दिलं. राखणदाराला ऐकू येत नव्हतं आणि दिसत बेताचंच होतं, पण रीत पाळली गेली. ती शिकवी, ते तिथल्या देवळात बसत, शाळा सुटली की दोघं तंजावूरला परत. रविवारी गाडी वेंकटेश चालवी. तेव्हा आवाज येत नसे. रविवारी श्रीनिवासरावांचा गुडघा दुखे, त्यामुळे ते घरीच राहत.

राजवाड्यामागच्या गॅरेजात मेकॅनिक सेल्वमने गाडी फिरवून आणली. आवाज नाही. "एसीच्या झडपेची मोटर असणार," तो म्हणाला आणि त्याने डॅशबोर्ड खोलला. आत केसांचा एक चाप निघाला आणि गाडीच्या पूजेतलं वाळून खडा झालेलं लिंबू. त्याने मोटर बदलली. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या अय्यमपेट्टैच्या आधीच, टक्. ती पुन्हा गॅरेजात.

"आवाज येतो कधी, मॅडम?"

"समोरून बस आली की."

सेल्वमने हात पुसले. "बस आलेली डॅशबोर्डला कशी कळते, मॅडम?"

गणिताच्या बाईंना हे उदाहरण सुटलं नाही.

"माझ्या हातात गाडी गप्प असते," वेंकटेश रात्री जेवताना म्हणाला. "तुझ्या हातात घाबरते. गाडीलाही जीव असतो. सोमवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू."

"आणि शाळा?"

"बस आहे की!"

बस होती, तशी ती पूर्वीही होती. गाडी गेली की नोकरी जाणार, हे घरात रोजच्या सांबाराइतकं सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त बोलत कुणी नव्हतं.

शुक्रवारी रेल्वेचं फाटक उघडलं. गाडी रुळांवरून हिसका खात पलीकडे गेली, टक् झालं आणि अंगवस्त्र सरकलं. श्रीनिवासरावांच्या बोटात जप मोजायचं अंगठीसारखं यंत्र होतं. अंगठ्याने बटण दाबलं की एक आकडा पुढे. देवळाबाहेर असली यंत्रं उदबत्तीशेजारी विकायला असतात. त्यांचे ओठ 'राम' म्हणून मिटले होते.

हरिप्रियाने गाडी कडेला घेतली. गाडी निर्दोष होती. दोषी ती होती. तिच्या हातात गाडी असताना समोर बस दिसली की म्हातारा देवाचं नाव घेत होता. विचारायची सोय नव्हती, कारण जप कुणी विचारू नये आणि केलेला कुणी सांगू नये. पुण्य उणं होतं. आणि सांगणार तरी कुणाला? 'आवाज गाडीचा नाही, तुमचे अप्पा माझ्यापायी जीव मुठीत धरून बसतात,' एवढंच वेंकटेशला कळायचं राहिलं होतं.

तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. विकली गेलेलीच बरी गाडी.

रविवारी वेंकटेशला न्याय करायची हुक्की आली. "गिऱ्हाइकाशी खोटं बोलायला नको. तोच रस्ता, तीच माणसं, फक्त गाडी मी चालवतो. अप्पा, चला."

"माझा गुडघा रे..."

"गुडघा बसूनच असणार आहे."

श्रीनिवासरावांनी केविलवाण्या नजरेने सुनेकडे पाहिलं. "तू नाही चालवणार?" ती नकाराची मान हलवून मागच्या सीटवर बसली.

गल्ली संपायच्या आत टक् झालं. राजवाड्याच्या कोपऱ्यावर टकटक. वेंकटेशने एका ऑटोच्या आणि म्हशीच्या मधून गाडी काढली तेव्हा डॅशबोर्डमागे कुणी शिलाई मशीन चालवतंय असं वाटलं. पापनाशमच्या रस्त्याला लागेपर्यंत दोन टकांमध्ये फट उरली नव्हती.

त्याने करकचून ब्रेक मारला. तोंड उतरलं होतं. "असा आवाज येतो?"

"छे," हरिप्रिया म्हणाली. "माझ्या वेळी एवढा नसतो."

वेंकटेशने डॅशबोर्डला कान लावला. आवाज त्याच्या दुसऱ्या कानाच्या बाजूने येत होता.

श्रीनिवासरावांनी चष्मा काढून घाम पुसला. एका हाताने खिशातलं यंत्र कानात बसवलं. मग अंगवस्त्राखालून दुसरा हात बाहेर काढून त्यांनी तो, अंगठीसकट, मुलासमोर धरला.

"केलेला जप सांगू नये. पण सांगतो," ते म्हणाले. "गाडी विकू नकोस. सून चालवते तेव्हा मला झोप लागते रे. बसचा हिसका बसला की जाग येते, तेवढाच एक राम होतो, की पुन्हा डोळा लागतो. तुझ्या शेजारी बसलो, तर माझा सारा जप आजच पुरा होईल, आणि त्याबरोबर मीही."