तेवीस नंबरचे बूट

ओदिलोनने बुटांवर फुंकर मारली, बाहीने टोकं पुसली आणि ते निळ्या झग्याच्या खाली नीट जोडून ठेवले. झाली आई पुरी. डोक्याच्या जागी तिचं नाव लिहिलेली साखरेची कवटी, हातांच्या जागी लांबुळके पाव, टेबलभर पसरलेला नवा झगा, वर नवी शाल. मृतांच्या दिवशी गेलेली माणसं चालत घरी येतात, असं मेक्सिकोतल्या ओकोतेपेक गावात मानतात; वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी त्याला असं नखशिखान्त नवं नेसवून मांडतात, आणि सारं गाव मेणबत्त्या घेऊन त्याला भेटायला येतं.

सकाळपासून त्याने एकट्याने घर घासून काढलं होतं. कोंबड्यांची घाण उपसली, दारातली कुजकी फळी कुऱ्हाडीने फोडून चुलीला लावली, त्याच जाळावर तमाल्यांचं, म्हणजे पानात गुंडाळून उकडायच्या मक्याच्या उंड्यांचं, पातेलं चढवलं. फाटकापासून टेबलापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली. बसने दोन तासांवर राहणारा हा मुलगा दीड वर्षात एकदाच आला होता, तोही आईला माती द्यायला, आणि तेव्हाही पेटीचं झाकण आधीच लागलेलं होतं. पण आज त्याने कशातच कमी ठेवलं नव्हतं. स्वतःची पाठ थोपटून घ्यायची त्याला खोडच होती.

दुपार कलली तशी पहिली आली शेजारची ताचामावशी. तिने मेणबत्ती लावली, निखाऱ्यावर ऊद टाकला आणि बुटांकडे बघत राहिली.

"हे कुणाचे रे?"

"आईचेच की! तेवीस नंबर. दुकानदार म्हणतो कसा, म्हातारीला जरा सैल घ्या. म्हटलं, माझ्या आईचं माप तू मला सांगतोस होय? लहानपणी तिचे बूट मीच पुसायचो."

मावशी तशीच वळली. घरी गेली आणि एप्रनमध्ये काहीतरी गुंडाळून परत आली. पुरुषी वहाणा होत्या. टायरच्या तळाच्या, जाड चामड्याच्या, दोन्हींचे पट्टे सुरीने कापलेले.

"आमच्या म्हाताऱ्याच्या. अठ्ठावीस नंबर. साखरेने तुझ्या आईचे पाय भोपळ्यासारखे सुजले होते. वर्षभर ह्याच घालून हिंडली. तुझ्या बुटांत तिचा अंगठासुद्धा जायचा नाही. ह्या ठेव."

ओदिलोनचा चेहरा उतरला. "मी दर रविवारी फोन करायचो, मावशी. हिंडतीफिरती आहे म्हणायची."

"म्हणणारच. तू विचारायचास काय, तर 'बरी आहेस ना?' ह्यावर आई दुसरं काय सांगणार?"

फाटकाशी माणसांचा आवाज आला. ओदिलोनने वहाणा तिच्या हातातून ओढून घेतल्या आणि टेबलाखाली, चादरीआड सरकवल्या. "आजच्या दिवशी हे असलं तुटकं पायताण? लोक काय म्हणतील!"

"लोकांना सगळं ठाऊक आहे बाबा. ठाऊक नव्हतं ते तुला."

लोक आले. एकेकाने मेणबत्ती ठेवली. एकेकाची नजर कवटीवरून शालीवर, शालीवरून झग्यावर गेली, बुटांशी येऊन अडखळली आणि सभ्यपणे दुसरीकडे वळली. कवटीवरचं नाव किती रेखीव, म्हणाले. पाव किती छान भाजलेत, म्हणाले. बुटांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ओदिलोन ताटल्यांतून तमाले वाढत होता आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं, ते तिच्या पोटच्या पोराला ठाऊक नव्हतं.

शेवटी गर्दीतला म्हातारा फिदेन्सिओ मान खाली घालूनच पुटपुटला, "फार लांबून चालत यायचंय बिचारीला."

ओदिलोनने हातातली ताटली खाली ठेवली. सगळ्यांसमोर गुडघे टेकून त्याने टेबलाखालून वहाणा काढल्या. बूट उचलून कोपऱ्यात टाकले. चामड्यात सुजलेल्या पावलांचे खळगे पडले होते. त्यांत त्याचा अख्खा पंजा मावला. त्याने वहाणा झग्याखाली ठेवल्या, तुटके पट्टे उगाचच सारखे केले. मग कुठे लोकांचे श्वास मोकळे झाले. कुणीतरी आणखी एक तमाल मागितला.

"आता येईल ती," ताचामावशी म्हणाली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दारातली फळी तेवढी लाव परत. पायरी चढवत नव्हती रे तिला. मीच तिरकी टाकून दिली होती. भिंत धरून, त्या फळीवरून यायची आत."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. झेंडूच्या पाकळ्यांची वाट पायरीपर्यंत येऊन सरळ वर चढली होती.

"कुठे ठेवलीस?"

ओदिलोनने चुलीकडे बघायचं टाळलं. प्रत्येकाच्या हातात तमाल होता. मऊ, छान शिजलेला, अजून वाफाळता.