ज्याची इच्छा, त्याचा प्रवेश

पालकसभेत केतकी पालकांच्या खुर्चीवर बसली होती आणि तिचे बाबा शेजारी गणवेशात, मान खाली घालून उभे होते.

"ढोबळे, भौतिकशास्त्र. सत्तरपैकी नऊ," तेरदाळे सर म्हणाले.

दहावीनंतर शाळेच्या मार्गदर्शन यंत्राने केतकीचा मेंदू तपासला, तेव्हा त्यात डॉक्टर व्हायची इच्छा सापडली खरी, पण ती बाबांची निघाली. नियम साधा होता. ज्याची इच्छा, त्याचा प्रवेश. बाबा अकरावी सायन्सला बसले आणि केतकी सुखाने फ्रिज दुरुस्ती शिकू लागली. बाबांच्या हुशारीबद्दल घरात कुणाला शंका नव्हती, कारण ती कधी कुणी तपासलीच नव्हती.

"सर, इच्छाच उरली नाही हो," बाबा पुटपुटले. "पुन्हा तपासा."

सरांनी नियमाप्रमाणे बापलेकीच्या डोक्यांवर यंत्राच्या टोप्या चढवल्या. मागे वाघमारेंचा मुलगा आपल्या आईचे अडुसष्ट मार्क सगळ्यांना दाखवत फिरत होता. केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उरली नाही म्हणजे काय?" ती बाबांवर कडाडली. "क्लास लावला, रोज बदाम भिजवून दिले. वाघमारेकाकूंना जमतं, तुम्हालाच काय धाड भरली? ते काही नाही, डॉक्टर व्हायचंच."

यंत्र टुणकन वाजलं. सरांनी पडदा पाहिला.

"बाबा सुटले. इच्छा आता केतकीची आहे."

बाबांनी गळ्यातला टाय काढून लेकीच्या गळ्यात अडकवला, तिला उठवून खुर्चीत ऐसपैस बसले आणि सरांना म्हणाले, "नऊ म्हणजे फारच कमी हो. हिला क्लास कुठला लावू?"